डायरेक्टर व्हायचंय ना? मग आधी कापायला शिका

दर आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पुणे, सुरत, नाशिकहून पोरं गावी येतात आणि त्यातली दोन-तीन तरी माझ्या एडिटिंगच्या खोलीत येऊन बसतातच, भाऊ डायरेक्टर व्हायचंय, कॅमेरा कोणता घेऊ? मी चौदा वर्षं झाली पारोळा, अमळनेर, एरंडोल या खान्देशातल्या पट्ट्यात लग्नं शूट करतोय, सोबत दुकानांच्या जाहिराती आणि जमेल तेव्हा आपल्या अहिराणीत शॉर्टफिल्म, त्यामुळे पोरांना वाटतं की कॅमेऱ्याचं उत्तर माझ्याकडे असणारच. मी म्हणतो कॅमेरा राहू दे, आधी एडिटिंग शिक. पोरांचा चेहरा पडतो. दरवेळी अर्धवट बोलणं होतं आणि पोरगं परत गाडीत बसून निघून जातं, म्हणून यावेळी सगळं नीट लिहून काढतोय.

लिहिताना समोर एक माणूस ठेवतोय, मुन्नाभाई आणि थ्री इडियट्सचा डायरेक्टर राजकुमार हिरानी. का, तर तो आपल्यासारख्याच घरातून आलेला आहे. नागपूरचा माणूस, वडिलांची टायपिंग इन्स्टिट्यूट, शिक्षण कॉमर्सचं, घरच्यांना वाटायचं पोरगा सीए होईल. सिनेमावालं घरात कोणी नाही. तो पुण्याला एफटीआयआयमध्ये, म्हणजे सिनेमा शिकवणाऱ्या सरकारी संस्थेत गेला आणि तिथे कोर्स केला एडिटिंगचा. मग मुंबईत वर्षानुवर्षं एडिटिंगच्या टेबलावर दुसऱ्यांचं फुटेज कापत बसला, जाहिराती केल्या, डायरेक्टर-प्रोड्युसर विधू विनोद चोप्रांच्या सिनेमांचे प्रोमो कापले, २००० साली मिशन काश्मीर एडिट केला. स्वतःचा पहिला सिनेमा, मुन्नाभाई एमबीबीएस, आला २००३ च्या डिसेंबरात, तेव्हा त्याचं वय ४१ होतं. फेविकॉलच्या त्या जोर लगाके हैशावाल्या जुन्या जाहिरातीत दोरी ओढणाऱ्यांत जो माणूस दिसतो ना, तो पण हाच. म्हणजे आपण सगळ्यांनी त्याला डायरेक्टर व्हायच्या आधीच पाहिलेलं होतं, फक्त माहीत नव्हतं.

आता २२ वर्षांचा पोरगा मला म्हणतो की भाऊ वय चाललंय. मी त्याला ४१ हा आकडा सांगतो. उशीर झाला तरी चालतं एवढंच त्यातून घेऊ नका बरं का, मधली वर्षं तो माणूस काय करत होता ते बघा. तो कापत होता.

कापायला शिकायचं म्हणजे नक्की काय करायचं, ते सांगतो. सॉफ्टवेअरवर अडकू नका, डाविंची रिझॉल्व्हचं फ्री व्हर्जन चांगल्या कॉम्प्युटरवर मस्त चालतं, नसेल तर मोबाईलवर काइनमास्टर घ्या, शिकायला तेवढं पुरतं. पहिला महिना फक्त एक गोष्ट करा, कोणाच्याही लग्नाचं पूर्ण फुटेज मागून घ्या, सहा-सात तासांचं असतं, आणि त्यातून तीन मिनिटांचा तुकडा काढा पण गाणं न लावता. गाणं लावलं की सगळंच चांगलं वाटायला लागतं आणि आपली चूक आपल्यालाच दिसत नाही. स्लो मोशन नाही, ट्रान्झिशन नाही, निव्वळ साधा कट, म्हणजे एका शॉटवरून थेट दुसऱ्यावर, आणि त्या जागचा आवाज.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. धरणगावकडचं एक लग्न होतं, पाठवणीची वेळ. माझ्याकडे नवीन ड्रोन होता आणि त्याचा एक शॉट असा आला होता की मांडव, वराती, फुलांनी सजवलेली गाडी, मागे पूर्ण शिवार, खूपच भारी शॉट. आणि दुसऱ्या कॅमेऱ्यात एक साधा हललेला शॉट होता, नवरीची आई गाडीच्या खिडकीपाशी उभी, हातात फराळाच्या डब्याची पिशवी, ती पिशवी आत देतच नव्हती, गाठ मारत होती, सोडत होती, परत मारत होती. कोणी रडत नव्हतं. मी दोन्ही शॉट ठेवून बघितले, आईचा मग ड्रोनचा, ड्रोनचा मग आईचा, कसंही लावलं तरी ड्रोन आला की आईचं सगळं वाहून जायचं. शेवटी ड्रोनचा शॉट काढला. ज्याच्यासाठी कर्ज काढून मशीन घेतलं तोच शॉट काढताना हात अडतो, खरंच अडतो, पण त्या दिवशी मला समजलं की पुढच्या लग्नात कॅमेरा कुठे उभा करायचा. त्यानंतर मी पाठवणीला वर बघतच नाही, आईच्या हातांपाशी उभा असतो. एडिटिंग शूटिंग शिकवतं म्हणतात ते असं, टेबलावर बसल्यावर कळतं की आपल्याकडे काय असायला हवं होतं आणि काय नाहीये.

दुसरा महिना. तुम्हाला पाठ असलेला हिरानीचा कुठलाही सीन घ्या आणि आवाज बंद करून बघा. वही घ्या, प्रत्येक कटला एक रेघ मारा, आणि बाजूला लिहा की त्या क्षणी पडद्यावर बोलणारा आहे की ऐकणारा. मुन्नाभाईमध्ये फरशी पुसणाऱ्या म्हाताऱ्याला मुन्ना मिठी मारतो तो सीन घ्या, किंवा लगे रहोमधला पेन्शन ऑफिसचा, ज्यात रिटायर्ड मास्तर लाच मागणाऱ्या बाबूच्या टेबलावर स्वतःच्या अंगावरची एकेक वस्तू काढून ठेवत जातो. मी सांगणार नाही किती कट आहेत, तुम्ही मोजा, कारण मोजताना हात थांबतो आणि डोक्यात प्रश्न येतो की इथे का कापलं, तोच प्रश्न हवाय. बाबूला ओरडून लाज आणता आली असती, मोठा डायलॉग देता आला असता. त्याऐवजी एक म्हातारा शांतपणे चष्मा, बूट, कपडे काढून देतो आणि आख्खं ऑफिस बघतं. त्या बघणाऱ्यांचे चेहरे नसते तर तो सीन निम्मा पण झाला नसता.

कोणी म्हणेल हे सगळं पुण्या-मुंबईच्या शाळेत शिकलेल्यांचं झालं. मग आपल्या शेजारचं मालेगाव बघा, जिल्हा नाशिक असला तरी बोलणं-चालणं आपल्याशी जुळतं. तिथल्या नासिर शेख या माणसाचं व्हिडिओ पार्लर होतं, दिवसरात्र लोकांना सिनेमे दाखवता दाखवता कुठे लोक शिट्टी मारतात कुठे उठून बाहेर बिडी प्यायला जातात हे त्याला पाठ झालं, आणि कॉम्प्युटर नसताना कॅसेटचे व्हीसीआर जोडून तो एडिटिंग करायला शिकला. मग गावच्याच लोकांना घेऊन मालेगाव के शोले काढला. त्यांच्या नंतरच्या मालेगाव का सुपरमॅन या सिनेमाच्या शूटिंगवर २००८ साली सुपरमेन ऑफ मालेगाव नावाची डॉक्युमेंटरी आली, ती जरूर बघा, कॅमेऱ्यासाठी सायकलची ट्रॉली केलीय आणि बैलगाडीची क्रेन. लोक ते बघून जुगाड जुगाड म्हणून हसतात, मला हसू येत नाही, मला त्यात एक माणूस दिसतो ज्याला शॉट आधी डोक्यात दिसलाय आणि मग त्याने हाताशी असलेल्या वस्तू शोधल्या. एक नागपूरचा, एक मालेगावचा, दोघं पूर्णपणे वेगळे, पण दोघांची सुरुवात कापण्यातूनच झालेली.

आता जाहिरात. हिरानी जाहिरातींतून गेलाय आणि माझ्या मते त्याच्या सिनेमात जे एकेका हावभावात सगळं सांगून टाकणं आहे, जादू की झप्पी, छातीवर हात ठेवून ऑल इज वेल, ते तिथलंच वळण आहे. खान्देशातल्या पोरांसाठी तर जाहिरात ही सगळ्यात चांगली शाळा, कारण पैसे दुकानदार देतो आणि शिकता तुम्ही. २० सेकंदाची जाहिरात म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमने (फ्रेम म्हणजे एकेक चित्र) ५०० फ्रेम, बस. त्यात एकच गोष्ट मावते.

एका कूलरच्या दुकानाचं काम आलं होतं. काका म्हणाले भाऊ सगळं येऊ द्या, ऑफर, हप्ते, गॅरंटी, घरपोच, आणि शेवटी आमच्या वडिलांचा फोटो, दुकान त्यांनीच काढलंय. मी लिस्ट बाजूला ठेवली आणि विचारलं वडील कसे होते. इथेच सगळं मिळतं, ग्राहकाला मालाबद्दल विचारू नका, माणसाबद्दल विचारा. काका म्हणाले, आमचे दादा, म्हणजे वडील, उन्हाळ्यात दिवसभर खाट ओढत राहायचे, निंबाची सावली सरकली की खाट सरकवायची, परत सरकली की परत. मी म्हटलं काका झाली तुमची जाहिरात.

शूट असं केलं. एका शेतकऱ्याचं अंगण, एक निंब, एक खाट, एक म्हातारे बाबा. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवला आणि जमिनीवर खडूने पाय आखून घेतले, मग सकाळी आठला एक शॉट, अकराला एक, एकला एक, चारला एक, कॅमेरा तिथेच, फ्रेम तीच, फक्त सावली आणि खाट सरकते. घरी येऊन जोडलं तर ३४ सेकंद झाले. १४ सेकंद कापायचे होते. बाबांना पाणी आणून देणारा नातू होता, खूप गोड पोरगा, तो काढला. बाबांचा घाम पुसतानाचा क्लोजअप काढला. मग दिसलं की चारच्या शॉटमध्ये खाट ओढल्यावर तिच्या पायांच्या रेघा धुळीत उमटल्यात, आठ वाजल्यापासूनच्या सगळ्या रेघा, अर्धं अंगण ओलांडून. हे शूट करताना मला दिसलंच नव्हतं. मग दुसऱ्या दिवशी परत गेलो आणि फक्त रिकामं अंगण आणि त्या रेघा घेतल्या, त्या थेट दरवाज्यातून घरात जातात, आत अंधारात कूलरचा आवाज आणि झोपलेल्या बाबांचे पाय. दुकानाचं नाव. संपलं. ऑफर नाही, हप्ते नाहीत. काका पहिल्यांदा बघून गप्प बसले, मग म्हणाले परत लाव. त्या उन्हाळ्यात लोक दुकानात येऊन विचारायचे, तो खाटवाला कूलर शे का?

पैशाचं एक वाक्यात सांगतो, निम्मे आधी घ्या, मी एकदा एका मोठ्या शहरातल्या पार्टीचं आख्खं काम उधारीवर केलं आणि दीड वर्ष फोन करत बसलो, ती वेळ तुमच्यावर येऊ नये.

गोष्ट कशी रचायची हा भाग जरा मोठा आहे, नीट वाचा. हिरानीच्या गोष्टीत बहुतेकवेळा एक मोठी संस्था असते, मेडिकल कॉलेज, इंजिनीअरिंग कॉलेज, पीकेमध्ये तर धर्माचा आख्खा बाजार, आणि तिथे एक माणूस येतो ज्याला तिथले नियम माहीत नसतात किंवा मान्य नसतात आणि तो साधे प्रश्न विचारतो. आपल्याकडे अशा जागा किती आहेत बघा, बाजार समितीतला लिलाव, रावेर-सावद्याला केळीच्या ट्रका भरतात ती जागा, सोसायटीचं कर्जवाटप, हुंड्याची बैठक, सारंगखेड्याचा घोडेबाजार. त्यातली जी जागा तुम्हाला आतून माहीत आहे तीच घ्या. मुंबईची चाळ आणि गॅंगस्टर घेऊ नका, ते तुम्ही फक्त पडद्यावर पाहिलेलं आहे. आणि तिथे असा माणूस सोडा जो विचारेल की भो, हे असंच का?

आणि पेरणी. थ्री इडियट्समधला पेन आठवा. सुरुवातीला प्रिन्सिपल अवकाशात चालणारा पेन दाखवतो आणि म्हणतो खास विद्यार्थी मिळाला की त्याला देईन, आणि रँचो विचारतो की मग पेन्सिल का नाही वापरली. हशा येतो आणि आपण विसरून जातो. दोन तासांनी, पावसापाण्याच्या रात्री बाळंतपण होऊन गेल्यावर, तोच प्रिन्सिपल तोच पेन रँचोला देतो आणि पेन्सिलचं उत्तर पण देतो, टोक तुटलं असतं तर ते तरंगत राहिलं असतं. म्हणजे ज्या प्रश्नावर आपण मास्तरला हसलो होतो त्याचं उत्तर मास्तरकडे होतं. ही साधी गोष्ट नाही. पेन एक वस्तू म्हणून पण परत येतो आणि माणूस बदलला हे पण सांगतो, एकही भाषण न देता. तुम्ही कापूस लावणाऱ्या घरातले आहात, तुम्हाला सांगायला नको की जून मध्ये टाकलेलं दिवाळीला फुटतं. स्क्रिप्ट लिहिताना शेवटच्या पानावरची वस्तू घ्या आणि मागे जाऊन तिसऱ्या पानावर ठेवून या, पण अशी ठेवा की तिथे तिचं काहीतरी वेगळंच काम आहे असं वाटलं पाहिजे, हसवायचं असो नाहीतर चिडवायचं.

हसणं आणि रडणं शेजारी ठेवायची त्याची जी पद्धत आहे ती पण बघा. थ्री इडियट्समध्ये राजूच्या घरची गरिबी एकदम ब्लॅक अँड व्हाइट करून जुन्या सिनेमासारखी दाखवलीय, आपण हसतो, आणि नंतर त्याच घरातल्या त्याच आजारी बापाला स्कूटरवर मध्ये बसवून हॉस्पिटलला नेतात तेव्हा हसूही येतं आणि पोटात खड्डाही पडतो. मुन्नाभाई, लगे रहो आणि थ्री इडियट्स या तिन्ही सिनेमांना चांगलं मनोरंजन करणारा लोकप्रिय सिनेमा म्हणून राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो काही उगाच नाही. मला स्वतःला त्याचाच संजू तेवढा पटला नाही, तिथे प्रश्न विचारणारा माणूस कमी आणि सांभाळून घेणारा जास्त वाटतो. पण शिकताना आवडत्या माणसाचं न आवडलेलं काम पण बघायचं, कुठे हात सुटला ते कळतं.

आणि घाई करू नका. २००३ ते २०२३, वीस वर्षांत सहा सिनेमे. फक्त सहा. त्यातला पीके भारतात ३०० कोटींच्या वर जाणारा पहिला हिंदी सिनेमा ठरला, म्हणजे धंदा होत होता, दरवर्षी एक काढता आला असता. तुम्ही आठवड्याला पाच रील टाकताय, टाका, हात चालता राहतो, पण वर्षातून एक गोष्ट अशी ठेवा जी पटकन संपवायची नाही.

शूटिंगबद्दल थोडंच सांगतो. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये ४४-४५ डिग्री जातं, दुपारी कॅमेरा पण तापून बंद पडतो आणि ऊन डोक्यावर असल्यामुळे माणसाच्या डोळ्यांच्या जागी नुसते काळे खड्डे दिसतात, म्हणून सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर. रिफ्लेक्टर नसेल तर पांढरा थर्माकोल घ्या, स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. आवाजाला सगळ्यात जास्त जपा, शेतात मोटर चालू आहे का ते आधी विचारा, लाइट कोणत्या वेळेला येते ते विचारा, कॉलर माइकवर पिसारा, म्हणजे वारा अडवणारं केसाळ टोपण, लावा नाहीतर तापीकाठचा वारा आख्खा सीन खाऊन टाकेल. चित्र थोडं खराब असलं तर लोक बघतात, आवाज खराब असला की बंद करतात.

कोर्स करायचा असेल तर एफटीआयआयचे छोटे कोर्स पण असतात, देशभर वेगवेगळ्या शहरांत घेतात, मोठ्या कोर्सला ग्रॅज्युएशन लागतं आणि प्रवेश परीक्षा असते. म्हणून कॉलेज सोडून पळू नका, पदवी पूर्ण करा.

शेवटचं काम, जे सगळ्यात जास्त लोक टाळतात. फिल्म झाली की मित्रांना दाखवायची नाही. मित्र भारी म्हणतात. ज्यांना सिनेमाचं काही घेणं नाही त्यांना दाखवा. माझी केळीवरची आठ मिनिटांची एक शॉर्टफिल्म होती, वादळात बाग आडवी होते आणि शेतकरी बांधावर बसून रडतो. आखाजीला सगळे गावी होते, अंगणात चादर बांधून दाखवली, पोरांनी टाळ्या वाजवल्या. शेजारची आजी, वय ऐंशीच्या पुढे, ती म्हणाली, केळी त पडसच दरसाल, मंग तो काबर रडना? (केळी तर दरवर्षी पडतेच, मग तो का रडला?)

मी रात्री फुटेज उघडलं. एक शॉट होता, व्यापारी घडावर हात ठेवून दर सांगतो, इसार देतो आणि म्हणतो सोमवारी कापू. वादळ शनिवारचं. तो १४ सेकंदाचा शॉट मी संथ वाटतो म्हणून काढून टाकला होता. परत घातला. दुसऱ्या दिवशी आजीला लॅपटॉपवर दाखवली, तिने सोमवार ऐकलं आणि वादळ यायच्या आधीच तोंडाला पदर लावला.

तेव्हापासून मी कोणाला कसं वाटलं असं विचारत नाही. बघून झालं की म्हणतो, आजी, काय झालं ते सांग बरं मला. आजी जिथे अडकते तिथे जाऊन एडिटिंगच्या टाइमलाइनवर खूण करतो.